वडिलांबद्दल तीन मिनिटं बोलायचंय, त्यांना देवमाणूस न करता. मदत हवी

सोनचाफा_वसई | १२ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

माझे वडील मागच्या वर्षी ९ नोव्हेंबरला गेले. वय ८५. आम्ही उत्तर वसईतले कॅथलिक. येत्या ९ तारखेला, रविवारी, वर्षाचा मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) आहे. ख्रिस्तप्रसाद वाटून झाला की घरच्यांपैकी एकाला आठवणीचे दोन शब्द बोलता येतात. आमच्या फादरांनी बजावलंय, "तीन मिनिटं. घड्याळ लावून." मागे कुणीतरी पंचवीस मिनिटं बोललं होतं म्हणे, त्याची शिक्षा आम्हाला.

गेले चार दिवस लिहितोय आणि प्रत्येक वेळी हेच उमटतंय: "ख्रि. (ख्रिस्तवासी) अमुक अमुक हे धर्मनिष्ठ, कष्टाळू, प्रेमळ पिता व आजोबा होते." हे वाक्य आमच्या दफनभूमीत प्रत्येक दुसऱ्या दगडावर आहे. खोटं नाही, पण यात आमचे पप्पा कुठेच नाहीत.

ते रोज पहाटे उठून जपमाळ करायचे हे खरं. ते भयंकर हेकट होते हेही खरं. माझ्या बहिणीशी तीन वर्षं बोलले नाहीत. हे चर्चमध्ये बोलावं का? तुम्ही कुणी आपल्या वडिलांबद्दल, आजोबांबद्दल असं बोलला असाल, तर काय ठेवलंत आणि काय गाळलंत?

---

खडूस_काका | रात्री १०.०२

तीन मिनिटं भरपूर झाली. आमच्याकडे शोकसभेत नगरसेवक चाळीस मिनिटं बोलतो आणि शेवटी दिवंगताचं नाव चुकतो.

---

रानमांजर | रात्री १०.१५

आधी तुमचे पप्पा काय करायचे ते तरी सांगा. "धर्मनिष्ठ" म्हणजे नेमकं काय हे आम्हा बिगरख्रिस्ती लोकांना कळू दे. आणि हो, फादर म्हणजे धर्मगुरू आणि पप्पा म्हणजे वडील, बरोबर ना? पहिला परिच्छेद दोनदा वाचला.

---

सोनचाफा_वसई | रात्री ११.२०

बरोबर. लहानपणी शाळेत "फादर्स नेम" या रकान्यात मी आमच्या धर्मग्रामातल्या फादरांचं नाव लिहिलं होतं. पप्पांनी ते वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

पप्पा बागायतदार. वाडीत केळी, पानवेल, आणि पुढे फुलं: सोनचाफा, मोगरा, थोडी तुळस. पहाटे ओल्या फडक्यात पाट्या बांधायच्या, विरारहून येणारी लवकरची लोकल पकडायची आणि दादरचा फुलबाजार गाठायचा. म्हणजे जपमाळ म्हणणाऱ्या माणसाची आयुष्यभराची कमाई गणपतीच्या हारांवर आणि सत्यनारायणाच्या तुळशीवर. त्यांना यात काही विशेष वाटायचं नाही. गणपतीच्या दहा दिवसांत भाव चढला की आईला म्हणायचे, "पोरांच्या फिया गणपतीने भरल्या गं." आणि त्याच रविवारी चर्चच्या पेटीत नोट टाकायचे.

लोकलच्या डब्यात भजनी मंडळ असायचं. पप्पांची जागा त्यांच्याजवळ ठरलेली. टाळ त्यांच्या हातात कधी आला ते त्यांनाही आठवत नव्हतं. अर्धे अभंग पाठ होते. वसईला गाडीत चढताना क्रुसाची खूण करायचे आणि भाईंदर येईपर्यंत "सुंदर ते ध्यान" चालू.

त्यांची जपमाळ लाकडी होती. मणी झिजून गव्हाच्या दाण्याएवढे झालेले. एक मणी हरवला होता, तिथे शर्टाचं पांढरं बटण ओवलेलं. आई म्हणायची नवी घ्या, तर म्हणायचे, "या बटणापाशी आलो की कळतं चौथं दशक आलं. नवीत कसं कळणार?" (दशक म्हणजे जपमाळेतला दहा मण्यांचा गट, असे पाच.)

---

रानमांजर | रात्री ११.३४

झालं की. हे बटणच बोला. बाकी काही नको.

---

मडगांवकार्न | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

रानमांजर +१.

आमच्या गोव्यात जपमाळेला तेर्स म्हणतात आणि आजोबांना शापाय. माझे शापाय संध्याकाळी तेर्स सुरू झाली की घराचं दार लावून घ्यायचे. पाहुणा बाहेर असेल तर बाहेर, आत असेल तर त्यालाही गुडघे टेकायला लागायचे. एकदा विम्याचा एजंट सापडला. हिंदू माणूस, बिचारा पाच दशकं हात जोडून बसला. नंतर शापायनी पॉलिसी घेतली, म्हणाले एवढा वेळ बसणारा माणूस पैसे बुडवणार नाही.

वसईतही असंच का?

---

सोनचाफा_वसई | सकाळी ८.०५

हसून हसून चहा सांडला. असंच, आणि त्याहून वाईट.

२५ जून १९८३. मी बारा वर्षांचा. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारी होता. सगळी आळी तिथे. भारत १८३ ला ऑल आऊट, सगळे सुतकी चेहऱ्याने बसलेले आणि रिचर्ड्स धुवायला लागला. तेवढ्यात दारात पप्पा. आमची रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, वेळ झाली होती. मला वाटलं मला कानाला धरून नेणार. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं, टीव्हीचं बटण बंद केलं आणि तिथेच गुडघे टेकले. दुसऱ्याच्या घरात! घरमालकसुद्धा काही बोलला नाही. सगळ्या आळीने रोझरी म्हटली. टीव्ही पुन्हा लावला तेव्हा रिचर्ड्स तंबूत. कपिलने मागे धावत घेतलेला तो झेल आमच्या आळीत कुणीही थेट पाहिलेला नाही.

पप्पा मरेपर्यंत म्हणायचे, "विकेट कुणी काढली?"

---

खडूस_काका | सकाळी ८.३०

मदनलालने. नोंदवहीत तसंच आहे.

---

अतिसामान्य | सकाळी १०.४८

जरा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मी नास्तिक. हे किस्से गोड आहेत, पण बारा वर्षांच्या मुलाला गुडघ्यावर बसवणं, दुसऱ्याच्या घरातला टीव्ही बंद करणं, मुलीशी तीन वर्षं न बोलणं, हे सगळं एकाच गोष्टीतून येतं ना? बाप मेला की त्याची दादागिरी "हेकटपणा" होते आणि आपण सगळे मिळून तिला किस्सा करतो. माझ्या वडिलांचं असंच केलं लोकांनी. देव त्यांचा विठ्ठल होता, एवढाच फरक.

बहिणीचं काय झालं होतं? सांगायचं नसेल तर राहू द्या.

---

सोनचाफा_वसई | दुपारी १.१५

राग नाही. चार दिवस हेच तर डोक्यात आहे.

बहिणीने २००१ मध्ये लग्न केलं. मुलगा हिंदू, डोंबिवलीचा, तिच्याच ऑफिसातला. नोंदणी पद्धतीने. पप्पा गेले नाहीत. नंतर तिचं नावही घेईनात. आई फोनवर बोलायची तेव्हा ते वाडीत जायचे. ओरडले नाहीत, शाप दिले नाहीत, फक्त उठून वाडीत जायचे. रात्रीचे नऊ असले तरी.

रोझरीत शेवटी आम्ही घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना करतो. तीन वर्षं तिथे तिचं नाव त्यांनी घेतलं नाही. तिच्या नावाच्या जागी थोडं थांबायचे, मग पुढे. ते थांबणं सगळ्यांना ऐकू यायचं.

---

मडगांवकार्न | दुपारी १.५०

चर्चची परवानगी घेऊन मिस्साशिवाय, पण चर्चमध्येच, असं लग्न लागू शकतं. बिशपांकडून सूट घ्यावी लागते. १९७० पासून तर अख्रिस्ती जोडीदाराला कसलंही वचन द्यावं लागत नाही, मुलांना ख्रिस्ती वळण द्यायचा आपल्या परीने प्रयत्न करीन असं फक्त कॅथलिक बाजूने म्हणायचं. माझ्या धाकट्या काकांचं तसंच झालं. तुमच्या पप्पांना हे माहीत नसेल असं वाटत नाही.

---

सोनचाफा_वसई | दुपारी २.०५

माहीत होतं. बहिणीला नको होतं. ती त्यांचीच मुलगी आहे.

---

नगरी_मिसळ | दुपारी ४.२२

आम्ही प्रॉटेस्टंट, नगरचे. (शहराचं नाव बदललंय, पण आयडी बदलायचा कंटाळा.) आमच्याकडे जपमाळ नाही, पण रेव्हरंड टिळकांची गाणी आहेत. आमचे आजोबा रात्री पेटी घेऊन बसायचे. त्यांच्या दफनविधीला माझ्या काकांनी त्यांचे दोष सांगितले होते: चिक्कू होते, सुनांना चहात साखर मोजून द्यायचे. लोक आधी दचकले आणि मग जे हसले म्हणता, पाळकसुद्धा. आज पंधरा वर्षांनी त्या दिवसातलं लोकांना तेवढंच आठवतं.

मात्र साखर वेगळी, मुलगी वेगळी. मुलीचं असं सगळ्यांसमोर बोलायचं तर आधी मुलीला विचारा.

---

बावखल | १४ ऑक्टोबर, रात्री १२.३०

मी पण उत्तर वसईतलाच. बटणाच्या जपमाळेवरून ओळखलं. नाव घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

(इतरांसाठी: बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं छोटं तळं. पावसाचं पाणी साठतं, विहिरी त्यावर जगतात. आता बरीच बुजवली.)

माझे बाबा आणि तुमचे पप्पा यांचं बांधावरून भांडण होतं, तुम्हाला आठवत असेलच. एक हात जमीन. सात वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. पण दोघंही रोज पहाटेच्या मिस्साला, आणि दोघांची जागा एकाच बाकावर, कारण ती त्यांच्या बापांची जागा. कुणीच हलायला तयार नाही. मिस्सात शांतीचं चिन्ह देतात ना, शेजाऱ्याकडे वळून हात जोडायचे, तेव्हा हे दोघं वळायचे. हात जोडायचे. नजर मात्र एकाची पंख्याकडे, दुसऱ्याची खिडकीकडे. सात वर्षं, रोज, रविवारसकट. आम्ही पोरं मुद्दाम मागच्या बाकावर बसायचो ते बघायला.

बाबा गेले तेव्हा निरोप सांगायला मीच तुमच्याकडे आलो होतो. तुमचे पप्पा काही बोलले नाहीत. संध्याकाळी रोझरीला आले, पुढे बसले, आणि पुढचे आठ दिवस आले. प्रत्येक वेळी सोबत केळ्यांचा एक फणा. नवव्या दिवशी माझी आई म्हणाली, आता बांधाचं काय? तर म्हणाले, "तो विषय त्याच्याशी होता. तुमच्याशी नाही."

बांध अजून तिथेच आहे. एक हात आमच्यात.

---

सोनचाफा_वसई | रात्री १२.४१

एक हात तुमच्यात? मोजून घ्या.

(जोक होता. हे पंखा-खिडकीचं मला माहीतच नव्हतं. आम्ही घरचे पुढे बसायचो.)

---

खडूस_काका | सकाळी ८.००

धाग्याचा आता भूमी अभिलेख होणार.

---

मेलबर्नची_मावशी | सकाळी ९.३५

माझे डॅडी वांद्र्याचे. २०२१ मध्ये गेले, विमानं बंद होती. मिस्सा यूट्यूबवर पाहिला, रात्री, स्वयंपाकघरात. माझा भाऊ बोलायला उभा राहिला आणि नेमका तेव्हा आवाज गेला. ओठ हलताना दिसले फक्त. नंतर त्याला विचारलं काय बोललास, तर म्हणाला आठवत नाही. म्हणून सांगते, कागदावर लिहा आणि कागद जपून ठेवा.

डॅडी आम्हाला नेहमी सांगायचे की १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले तेव्हा ते ओव्हल मैदानात होते. तुमच्या पप्पांच्या वयाचेच.

---

सोनचाफा_वसई | सकाळी ११.१०

आमचेही होते! डिसेंबर १९६४, आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस. वसईहून गाड्या भरभरून माणसं गेली होती. पप्पा २५ वर्षांचे. "काय पाहिलं?" विचारलं की म्हणायचे, "टोपी. पांढरी. एवढीशी." आणि बोटाचं पेर दाखवायचे. पण जन्मभर त्या टोपीवर खूश.

पुढे मिस्सा लॅटिनमधून मराठीत आला. पप्पा लहानपणी वेदीसेवक, सगळं लॅटिन पाठ. "एत कुम स्पिरितु तुओ" आमच्या वाडीत केळीला पाणी देताना सुद्धा ऐकू यायचं. अर्थ कुणालाच ठाऊक नाही. मराठी सुरू झालं तेव्हा आजी खूश झाली आणि पप्पा धुसफुसत होते. का, तर "आता चुकलं की सगळ्यांना कळतं."

मराठीवर मात्र पुढे प्रेम बसलं. दिब्रिटो फादर २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा पप्पांनी लोकलमधल्या जुन्या भजनी मंडळाला पेढे वाटले, जणू यांच्याच घरात संमेलन आहे. हरित वसई चळवळीच्या मोर्च्यांत दोघं एका रस्त्यावर चाललेले ना. गेल्या वर्षी २५ जुलैला फादर गेले, तेव्हा पप्पा त्या पावसात काठी टेकत गेले होते. आम्ही नको म्हणत होतो. आल्यावर पाय शेकत बसले आणि म्हणाले, "आता माझा नंबर जवळ आला." त्यांना साडेतीन महिने मिळाले.

---

रानमांजर | दुपारी १२.२०

आणि बहीण? तीन वर्षांनी काय झालं? तुम्ही सगळं सांगताय, तेवढं सोडून.

---

सोनचाफा_वसई | रात्री १०.५०

बहिणीला फोन केला होता, परवानगी घेतली. आता सांगतो.

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं शवदर्शन दहा वर्षांनी एकदा असतं. पप्पा १९७४ पासून एकही चुकले नाहीत. ७४, ८४, ९४, २००४, २०१४. एक रेक्झिनची काळी बॅग होती, ती फक्त यासाठीच माळ्यावरून उतरायची.

२००४ च्या डिसेंबरात ते गोव्याहून परत यायचे होते. वसईला गाडी आली, पप्पा नाहीत. मोबाईल नव्हता त्यांच्याकडे. आई घाबरीघुबरी. रात्री बहिणीचा फोन: "पप्पा इथे आहेत. जेवतायत."

पनवेलला उतरले होते. विचारत विचारत डोंबिवलीला गेले, पत्ता आईच्या वहीतून कधी उतरवून घेतला देव जाणे. बहिणीची मुलगी तेव्हा तीन महिन्यांची. दार उघडलं तर हे उभे, हातात बॅग आणि किलोभर दोदोल (गोव्याची चिकट मिठाई). म्हणाले, "बाळासाठी आणलाय."

तीन महिन्यांच्या बाळासाठी दोदोल!

एवढंच. माफी नाही, रडारड नाही. जावयाला विचारलं, पाणी किती वाजता येतं तुमच्याकडे. दुसऱ्या दिवशी घरी आले आणि संध्याकाळच्या रोझरीत बहिणीचं नाव घेतलं, मग जावयाचं, मग बाळाचं. आईचा आवाज पुढच्या प्रार्थनेला फुटेना.

गोव्यात काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आई म्हणते पापनिवेदनाला गेले असतील आणि तिथल्या फादरांनी झापलं असेल. मला वाटतं रांगेत चार तास उभं राहून विचार करायला वेळ मिळाला असेल. असेल काहीही.

बहीण म्हणाली, "तीन वर्षांचं सांग. पण दोदोलचं सांगणार असशील तरच."

---

अतिसामान्य | रात्री ११.१५

मी माझं म्हणणं मागे घेत नाही. तीन वर्षं तीन वर्षंच असतात. पण पनवेलला उतरणं मला आवडलं. माझे उतरले नाहीत.

---

मडगांवकार्न | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

दोदोल फ्रीजमध्ये न ठेवता बरेच दिवस टिकतो. तेवढ्यात बाळ मोठं होईल असा हिशेब असेल.

मागच्या वर्षीचं दर्शन २१ नोव्हेंबरला सुरू झालं. म्हणजे पप्पांचं...

---

सोनचाफा_वसई | सकाळी ७.४०

हो. बारा दिवसांनी हुकलं. डिसेंबरचं तिकीट काढलेलं होतं. वांद्र्याहून वसईमार्गे मडगावला नवी गाडी ऑगस्टमध्ये सुरू झाली, तर त्यांना वाटलं खास त्यांच्यासाठीच सोडली. काळी बॅग ऑक्टोबरातच खाली आली होती. मधल्या कप्प्यात टॉवेल, साबण आणि मेणबत्त्या.

अंत्यविधीनंतर आठवड्याने मी तिकीट रद्द केलं. पैसे कापून परत आले. मला ते रद्दचं बटण दाबताना जे वाटलं ते मातीच्या वेळीही नव्हतं वाटलं.

---

रूळावरचा | सकाळी ९.१२

थोडी माहिती. कन्फर्म तिकीट जवळच्या नातेवाइकाच्या नावावर करता येतं. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. गाडी सुटायच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज आणि नात्याचा पुरावा द्यायचा. एका तिकिटावर एकदाच. नातवंडं यादीत नाहीत, पण मुलगा आहे.

---

सोनचाफा_वसई | सकाळी ९.२०

म्हणजे मी त्यांच्या सीटवर बसून जाऊ शकलो असतो.

---

रूळावरचा | सकाळी ९.२६

हो. सॉरी. मला वाटलं माहीत असेल.

---

खडूस_काका | सकाळी ९.४०

रूळावरचा, तुम्ही बरोबर माहिती चुकीच्या वेळी देण्यात माझ्याही पुढे आहात.

---

मेलबर्नची_मावशी | सकाळी १०.१५

सोनचाफा, ठीक आहात ना?

विषय बदलते. नातवंडांबद्दल काही लिहिलं नाहीत. आमच्याकडची चर्चला जातच नाहीत. डॅडींना ते फार लागायचं.

---

सोनचाफा_वसई | रात्री ९.३०

ठीक आहे. दिवसभर कामात होतो. रूळावरचा, मनाला लावून घेऊ नका. कळलं ते बरंच.

नातवंडं. माझा मुलगा २४ चा. सतराव्या वर्षापासून चर्च बंद. मला वाटलं आता महायुद्ध. पप्पांनी काही केलं नाही. फक्त त्याला म्हणाले, "माझे गुडघे दुखतात, पहाटेच्या मिस्साला गाडीवर सोडत जा." हा सोडायचा आणि बाहेर चिंचेखाली मोबाईल घेऊन बसायचा. एकदा मी न राहवून म्हटलं, आत तरी जा. तर पप्पाच माझ्यावर खेकसले: "त्याला बसू दे. गाडी सावलीत लावतो ना? पुरे." (पहाटे सहाला कसली सावली?) सहा-सात वर्षं चाललं हे. तो आत गेला नाही. अगदी शेवटी पप्पा खुर्चीवर होते तेव्हा उचलून आत न्यावं लागायचं, तेव्हा न्यायचा, ठेवायचा, बाहेर यायचा. अंत्यविधीलाही आधी चिंचेखालीच होता. मग खांदा द्यायला आत आला.

भाची आता एकविसाची. ती गजरा विणते, ओवत नाही, विणते, पप्पांनी शिकवलंय. गेल्या वर्षी कबरीवर सोनचाफ्याची चादर तिने केली. आमच्याकडे झेंडूच्या चकत्या आणतात बहुतेक.

---

नगरी_मिसळ | रात्री १०.०५

तुमच्या पप्पांना देवमाणूस करायची भीती आता सोडा. या धाग्यावर तो माणूस पक्का माणूसच आहे.

एक व्यवहाराचं: तीन मिनिटांत सावकाश बोललं तर साडेतीनशे शब्दांच्या वर जाऊ नका. क्रिकेट, बांध, दोदोल यांतलं एकच काहीतरी बसेल.

---

रानमांजर | रात्री १०.१२

बटण!

---

बावखल | रात्री १०.३०

बांध नको. माझा भाऊ चर्चमध्ये असेल.

---

सोनचाफा_वसई | ११ नोव्हेंबर २०२५, रात्री ८.४५

सगळ्यांचे आभार, आणि उशीर झाला. रविवारी मिस्सा झाला.

"धर्मनिष्ठ, कष्टाळू, प्रेमळ" सगळं खोडलं. बटणापासून सुरुवात केली, जपमाळ हातात धरून दाखवली. मग म्हटलं की पप्पा हट्टी होते आणि घरातलं एक नाव तीन वर्षं रोझरीतून गाळायचे. चर्चमध्ये एकदम शांत. खाली आई बसली होती, तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. ठरल्याप्रमाणे तिथे मी थांबलो आणि पुढचं बहिणीने येऊन सांगितलं. पनवेल, डोंबिवली, दोदोल. "बाळासाठी" म्हटल्यावर भाची उभी राहिली, लोकांना दिसावं म्हणून, साडेपाच फुटांचं बाळ. सगळं चर्च हसलं. फादरांनी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर आई म्हणाली, क्रिकेटचं का नाही सांगितलंस. मी म्हटलं वेळ नव्हता. तर म्हणे, "त्या दिवशी टीव्ही बंद करून आले आणि रात्री मला विचारत होते, आपण जिंकलो का गं?"

बावखल, तुमचा भाऊ शांतीच्या चिन्हाला माझ्याकडे वळला होता. नजर नीट होती. बांधाचं बघू.

काळी बॅग परत माळ्यावर टाकली. मेणबत्त्या काढल्या नाहीत. पुढचं दर्शन २०३४ ला.

---

रूळावरचा | रात्री ९.०३

छान झालं. आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललंय. लक्षात ठेवा. तेव्हा तुमचं वय किती असेल?

---

सोनचाफा_वसई | रात्री ९.०७

त्रेसष्ट.

---

रूळावरचा | रात्री ९.०८

ज्येष्ठ नागरिक सवलत २०२० पासून बंद आहे.